जुन्या घड्याळाचा रास्त भाव



मागल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर असलेला आपल्या कळंबचा एक तरुण संध्याकाळी माझ्या घरी आला. त्याने खिशातून रुमाल काढला, घडी उलगडून एक जुने मनगटी घड्याळ माझ्या हातावर ठेवले आणि विचारले, “अण्णा, आयुष्यात पहिल्यांदा जुनं घड्याळ घेतलंय. बावीसशे मोजलेत. फसलो का?” मी घड्याळ कानाला लावले, काचेवरून नख फिरवले आणि म्हणालो, “उद्या मंचरला जाऊ. झाकण उघडल्याशिवाय मी काही बोलायचा नाही.”

आजचे माझे भाषण म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे. कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने घड्याळांवर का बोलावे, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. त्याचे कारण असे की, जुन्या घड्याळाची स्थिती ओळखायला मला एका घड्याळजीने शिकवले, परंतु त्याचा रास्त भाव म्हणजे काय हे मला कामगार चळवळीनेच शिकवले. माझे शालेय शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले ते रात्री युनियनच्या कपाटातील पुस्तके वाचून झाले. तेव्हा माझ्या बोलण्यात विद्वत्ता शोधू नये. हिशेब मात्र तपासून घ्यावा.

प्रथम घड्याळ आपल्या मनगटावर आले कसे, ते पाहू. जुन्नर-आंबेगाव भागातून माणसे मुंबईला गिरणीत जाऊ लागली तेव्हा त्यांच्यापाशी घड्याळ नव्हते. गावात कोंबडा आणि सूर्य, गिरणगावात भोंगा. गिरणीचे घड्याळ मालकाच्या भिंतीवर होते आणि ते किती वाजले म्हणून सांगेल तेवढे वाजलेले असत. दिवस किती तासांचा, हा प्रश्न कायद्याने हाती घेतला तोच मुळी हळूहळू. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा फक्त लहान मुलांपुरता होता. आपल्या पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरशी नाते असलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, त्यांची संस्था उभी केली आणि १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली. प्रौढ पुरुषाच्या दिवसाला मात्र अजून शेवट नव्हता. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा सूर्य मावळण्याचाही आधार गेला आणि दिवस चौदा तासांच्या पलीकडे ताणला गेला. १९११ मध्ये कापड गिरण्यांत पुरुषांसाठी बारा तास ठरले, १९२२ मध्ये आठवड्याचे साठ, १९३४ मध्ये चोपन्न आणि १९४८ मध्ये अठ्ठेचाळीस. बारा तासांवरून अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्यावर यायला सदतीस वर्षे लागली.

या इतिहासातला एक प्रसंग घड्याळाचाच आहे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या हिंदुस्थानासाठी एक प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा सुमारे ३९ मिनिटे मागे होती. म्हणजे गिरणीच्या घड्याळात सकाळचे सहा तेच ठेवले, तरी कामगाराला प्रत्यक्षात ३९ मिनिटे आधी, अंधारात उठून दारात हजर व्हावे लागणार. त्याच जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुंबईतील काही हजार गिरणी कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडले आणि दगडफेकही झाली. त्या लोकांना घड्याळ वाचता येत नसेल, पण घड्याळाचा काटा कोणाच्या बोटाने फिरतो हे त्यांना बरोबर वाचता आले. स्वतःच्या मनगटावर घड्याळ असणे म्हणजे काय, हे या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे. भोंगा पाच मिनिटे आधी झाला, हे सांगण्यासाठी कामगाराच्या हाती पुरावा आला.

आता आपल्या घरांतल्या ट्रंकांत आणि फळीवरच्या डब्यांत जी जुनी घड्याळे सापडतात, त्यांच्याकडे वळू. त्यांच्या स्थूलमानाने तीन पिढ्या आहेत. पहिली पिढी स्विस. ‘फाव्र ल्युबा’ आणि ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ ही नावे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच मुंबईच्या बाजारात आली. वेस्ट एंडचे ‘सवार’ हे घड्याळ फौजेत आणि रेल्वेत प्रसिद्ध होते. पलटणीतून निवृत्त होऊन आलेल्या एखाद्या आजोबांच्या घरी ते अजून निघते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात परकीय चलनाची टंचाई पडली, आयातीवर कडक बंधने आली, आणि त्यानंतर पुष्कळ परदेशी घड्याळे तस्करीच्या वाटेने किनाऱ्याला लागली.

दुसरी पिढी आपल्या देशातली. हिंदुस्थान मशीन टूल्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना १९५३ मध्ये स्थापन झाला तो यंत्रे बनवणारी यंत्रे तयार करण्यासाठी. त्याच कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा विभाग काढला आणि १९६१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळे बाहेर पडली. ‘जनता’, ‘पायलट’, स्त्रियांसाठी ‘सुजाता’, नंतर आपोआप किल्ली बसणारे ‘कांचन’, ही नावे आपल्या लग्नाच्या याद्यांत शिरली. जावयाला एच.एम.टी. द्यायचे म्हणजे द्यायचे! पुढे श्रीनगर, तुमकूर आणि राणीबाग येथेही कारखाने निघाले. तिसरी पिढी क्वार्ट्झची. सेलवर चालणाऱ्या या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्याच्या अचूकपणापुढे आणि खासगी कंपन्यांच्या स्पर्धेपुढे किल्लीचे घड्याळ मागे पडले. एच.एम.टी.चा घड्याळ विभाग वर्षानुवर्षे तोट्यात गेला आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. कारखाना बंद झाला आणि त्याच्या मालाला संग्राहकांचा भाव आला. कामगाराचे काम संपल्यावर त्याच्या हातच्या वस्तूची किंमत वाढावी, हा बाजाराचा विनोद आहे.

मुंबईत साचेखात्यात काम करणाऱ्या माझ्या वडिलांपाशी एक ‘जनता’ होते. बोनसच्या पैशातून घेतलेले, सतरा ज्युवेलचे, पांढऱ्या डायलचे. पाळीवरून आल्यावर ते रोज त्याला किल्ली देत, आणि तेवढा वेळ खोलीतली आम्ही मुले गप्प बसत असू. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली. महिने उलटत गेले तसे आम्ही कळंबला परतलो. श्रावणात वडिलांनी ते घड्याळ साठ रुपयांना विकले. घेणारा ओळखीचाच होता. त्याने घड्याळ हातात घेऊन तोंड वाकडे केले, “डाग पडलाय, मशीनही थकलंय,” असे म्हणाला आणि साठ रुपये पुढे केले. वडील काही बोलले नाहीत. त्या संपाची अधिकृत समाप्ती कधी झालीच नाही. माझी शाळाही त्याच ओढाताणीत सुटली.

गरजवंताला अक्कल नसते, असे आपण म्हणतो. मला ही म्हण अर्धीच खरी वाटते. वडिलांना अक्कल होती. घड्याळ चांगले आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्यापाशी नव्हता तो थांबायला वेळ. संध्याकाळचे पीठ आणायचे होते. समोरचा महिनाभर थांबू शकत होता, म्हणून भाव त्याने ठरवला. गिरणीच्या दारातही नेमके हेच घडले. मालक थांबू शकत होता, कामगार थांबू शकत नव्हता. मजुरी काय किंवा जुने घड्याळ काय, ज्याला थांबता येत नाही त्याच्या गळ्यात भाव बांधला जातो. आजच्या विषयातील सर्व व्यावहारिक नियम मी या एका अनुभवातून काढले आहेत.

मी मिळवता झालो तेव्हा तसलेच घड्याळ घ्यावे असे मनात आले. मुंबईच्या एका रस्त्यावरच्या बाजारात एक मिळाले. डायल कोरी करकरीत, काटे लखलखीत. मी भुललो, मागेल ते दिले आणि मंचरला आमच्या ओळखीच्या म्हाताऱ्या घड्याळजींकडे नेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, झाकण उघडले आणि हसून म्हणाले, “बाळ, हे एक घड्याळ नाही. हे तीन घड्याळं आहेत.” डायल नव्याने रंगवलेली, काटे दुसऱ्याचे, मशीन तिसऱ्याचे आणि त्यावर गंज. परदेशांतील संग्राहकांत अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ असे नाव पडले आहे. आपल्या मुंबईचे नाव जगात अशा रीतीने गाजावे याचे वाईट वाटते. परंतु न्यायाने बोलायचे तर या धंद्याचा उगम लबाडीत नव्हता. आयात बंद, सुटे भाग मिळेनात, अशा काळात तीन मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत करणे ही घड्याळजीची कर्तबगारी होती. गरिबाचे मनगट त्यामुळे चालू राहिले. लबाडी सुरू होते ती, अशा जुळवलेल्या घड्याळाला अस्सल म्हणून सांगितले जाते त्या क्षणी.

त्या दिवसानंतर मी अनेक रविवार त्या घड्याळजींच्या खोक्यापाशी बसलो. त्यांनी शिकवले ते आता क्रमाने सांगतो.

पहिली तपासणी डायलची. भिंगातून अक्षरे पाहावीत. कारखान्याची छपाई बारीक, सारख्या जाडीची आणि सरळ असते. हाताने किंवा घाईने रंगवलेल्या डायलवर अक्षरे जाड होतात, ओळ किंचित तिरपी जाते, मिनिटांच्या रेघा आणि तासांच्या खुणा एकमेकींसमोर येत नाहीत. साठ वर्षांच्या घड्याळाची डायल थोडी पिवळसर झालेली असणे हा दोष नव्हे, ते तिचे वय आहे. भडक निळी, लाल, हिरवी आणि नवी कोरी डायल दिसली की संशय घ्यावा. काट्यांवर आणि आकड्यांवर चमकणारा रंग असेल तर दोन्हींचे वय सारखे दिसले पाहिजे. एक ताजा व एक करपलेला असेल तर काटे बदललेले आहेत. फार जुन्या फौजी घड्याळांवर रेडियमचा रंग असे. रेडियमचे अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे. चमक विझली तरी त्याचे किरण विझत नाहीत. असली डायल उघडून खरवडण्याचा उद्योग कोणी करू नये.

दुसरी तपासणी अंगाची, म्हणजे केसची. ‘जनता’सारख्या घड्याळाचे अंग पितळेचे, त्यावर क्रोमचा मुलामा आणि पाठीचे झाकण पोलादी. जेथे पट्टा अडकतो ते कान आणि मनगटाला लागणारी कड येथे मुलामा आधी उडतो आणि पितळ दिसू लागते. घामाने खड्डे पडतात. मुलामा उडाला तर भाव कमी करावा, पण घाबरू नये. कडा झिजून साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या असतील तर ते घड्याळ वारंवार पॉलिश केलेले आहे आणि गेलेला धातू परत येत नाही. काचेचे मात्र मनाला लावून घेऊ नये. जुन्या प्लॅस्टिकच्या काचेवरचे चरे बहुधा घासून जातात, आणि नवी काच हा किरकोळ खर्च आहे.

तिसरी तपासणी चावीची. किल्ली देताना हाताला सारखा, मऊ विरोध जाणवला पाहिजे. खरखर झाली, चावी घसरली किंवा कितीही फिरवली तरी थांबतच नाही असे झाले तर आत काम आहे, हे समजावे. आपोआप किल्ली बसणाऱ्या घड्याळात मात्र चावी फिरतच राहते, हा फरक ध्यानात ठेवावा. चावी ओढून काटे फिरवावेत. काटे एकमेकांना किंवा काचेला घासता कामा नयेत.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची तपासणी मशीनची. झाकण उघडून दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडून पहिले घड्याळ घेऊ नये. येथे तीन गोष्टी पाहाव्यात. डायलवर जे नाव आहे तेच मशीनवर आहे का? गंजाचे तांबडे डाग, विशेषतः चावीच्या दांडीजवळ, आहेत का? स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या आहेत का? खाचा फाटल्या असतील तर आडदांड हातांनी ते अनेकदा उघडले आहे. ज्युवेल म्हणजे कृत्रिम माणिकाचे बारीक खडे. चाकांच्या टोकांखाली ते बसवतात, म्हणजे झीज कमी होते. सतरा ज्युवेल हे किल्लीच्या साध्या घड्याळाला पुरेसे. कोणी जास्त ज्युवेलची फुशारकी मारून भाव वाढवू लागला तर त्याला मान देऊ नये.

पाचवी तपासणी चालीची. ‘जनता’सारखे घड्याळ तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. यात दिवसाकाठी एक मिनिटाची चूक झाली तर ती हजारात एक भागापेक्षाही कमी भरते. एवढ्या जुन्या यंत्राला ती माफ करावी. पूर्ण किल्ली देऊन घड्याळ एक दिवस डायल वर करून ठेवावे आणि एक दिवस उभे ठेवावे. दोन्ही स्थितींत चोवीस तास चालले आणि फरक एक-दोन मिनिटांत राहिला तर प्रकृती ठीक. एकाएकी ते तासाला कित्येक मिनिटे पुढे पळू लागले तर बहुधा लोहचुंबकाचा प्रभाव झाला आहे आणि तो उतरवणे सोपे असते. आता घड्याळजींकडे ठोके ऐकून चाल लिहून दाखवणारे यंत्र असते. शक्य असेल तर त्यावर लावून पाहावे. परंतु विकणारा “चालू आहे” म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ पुष्कळदा “हलवले की टिकटिकते” एवढाच असतो. ऑइलिंग केव्हा झाले, हे विचारावे. उत्तर नसेल तर ते झालेले नाही असे धरूनच हिशेब करावा, कारण सुकलेल्या तेलावर चाललेले यंत्र स्वतःलाच झिजवीत असते.

आता भावाकडे येतो. येथे आमच्या धंद्यातला एक भेद उपयोगी पडतो. युनियन मालकाला मागणीपत्र देते, त्यात एक आकडा असतो. शेवटी करार होतो, त्यात दुसरा आकडा असतो. शेजारच्या कारखान्यात पगार किती, हे ठरवताना आम्ही तिथले मागणीपत्र पाहत नाही, करार पाहतो. जुन्या घड्याळांचेही तसेच आहे. विकणाऱ्यांनी लावलेले भाव ही मागणीपत्रे होत. तसले घड्याळ प्रत्यक्षात कितीला विकले गेले, हा करार. चार ठिकाणी चौकशी करून चार झालेले सौदे कळले म्हणजे बाजाराचा भाव कळला.

त्यानंतरची रीत वजाबाकीची. तसलेच अस्सल डायलचे, ऑइलिंग झालेले, नीट चालणारे घड्याळ जेवढ्याला जाते त्यातून आपल्या हातातल्या घड्याळाची उणीव वजा करायची. त्या तरुणाच्या घड्याळाचा हिशेब मी मंचरला त्याच्यासमोरच मांडला. आम्ही केलेल्या चौकशीत चांगला नग अडीच हजारांना जात होता. याची डायल रंगवलेली, म्हणून सातशे वजा. ऑइलिंगचे सहाशे, काचेचे शंभर, पट्ट्याचे शंभर. राहिले हजार. हे आकडे उद्या बदलतील, रीत बदलणार नाही. ऑइलिंगच्या सहाशांत घासाघीस करू नये, असेही मी त्याला सांगितले. डोळे फोडून केलेल्या दोन-तीन तासांच्या कामाचे ते वेतन आहे. घड्याळजी आपल्या तालुक्यांत कमी होत चालले आहेत आणि त्यांना मजुरी मिळाली नाही तर उद्या आपल्या घड्याळाचे झाकण उघडायला कोणी उरणार नाही.

गोष्ट आणि भाव यांची गल्लत होऊ देऊ नये, हाही एक नियम आहे. “हे घड्याळ एका साहेबाचे होते,” “हे लढाईतून आले आहे,” असे सांगितले की घेणारा हळवा होतो. कागद दाखवला तर गोष्टीला काही मोल द्यावे. नाही तर गोष्ट ऐकावी, चहा घ्यावा, आणि पैसे घड्याळाचेच द्यावेत. पहिल्या खरेदीत माणूस फसतो तो बहुधा अज्ञानाने नव्हे, घाईने. “आत्ता घेतलं नाही तर दुसरा नेईल,” असे तो म्हणतो आणि विकणाऱ्याला हवी ती गरज स्वतःच स्वतःच्या गळ्यात बांधून घेतो. माझ्या वडिलांना थांबता येत नव्हते. हौसेने घेणाऱ्याला थांबता येते. तो थांबत नाही, हा त्याचा दोष.

येथवर घेणाऱ्याची बाजू झाली. परंतु रास्त भाव हा दोघांचा असतो. गेल्या वर्षी आपल्याच गावातील एक आजी नवऱ्याच्या पश्चात राहिलेले घड्याळ घेऊन आल्या. ते ‘जनता’च होते. बंद पडलेले, पण डायल अस्सल, कडा शाबूत आणि मशीन बिनगंजाचे. “दारावर आलेला एकजण दोनशे देत होता बाबा,” त्या म्हणाल्या. “तू तेवढेच दे नि घेऊन जा.”

खरे सांगतो, मंडळी, त्या वेळी माझ्या मनात क्षणभर मोह आला. दोनशेला सौदा झाला असता आणि आजी समाधानाने घरी गेल्या असत्या. कोणी मला चोर म्हटले नसते. परंतु बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांमागचा तो श्रावण मला आठवला. आमच्या दारातला तो माणूसही चोर नव्हता. त्याला वडिलांपेक्षा दोन गोष्टी जास्त माहीत होत्या आणि त्याला थांबता येत होते, एवढेच. मी आजींना बसवले आणि हिशेब सांगितला. चांगला नग अडीच हजारांचा. ऑइलिंग आणि किरकोळ भाग यांचे सातशे. उघडल्यावर आणखी काही निघाले तर त्याची जोखीम माझी, तिचे तीनशे. राहिले पंधराशे. त्या माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मग तो दोनशेला मागणारा कोण होता रे?” मी काही उत्तर दिले नाही. त्यांनी पंधराशे मोजून घेतले, कनवटीला लावले आणि गेल्या.

व्यवहारी माणूस म्हणेल, अशाने धंदा कसा चालेल? धंदेवाल्याने आपले भाडे, आपला वेळ आणि आपली जोखीम हिशेबात धरावी आणि त्यावर रास्त नफाही घ्यावा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती समोरच्याच्या अडचणीवर घेतलेल्या नफ्याबद्दल. कामाच्या तासांसाठी आपल्या पूर्वजांनी जे भांडण केले ते याच तत्त्वासाठी होते. भुकेल्या माणसाने चौदा तास कबूल केले म्हणून चौदा तास रास्त ठरत नाहीत, हे कायद्याला पटवायला कित्येक दशके गेली. बाजारात जुन्या घड्याळासाठी तसा कायदा नाही आणि होणारही नाही. तेथे ज्याला जास्त कळते त्यानेच आपल्यापुरता तो पाळायचा.

त्या तरुणाचे काय झाले, ते सांगून संपवतो. हजाराच्या घड्याळाला त्याने बावीसशे दिले होते. म्हणजे बाराशेला तो फसला होता, आणि तसे मी त्याला स्पष्ट सांगितले. त्याचा चेहरा उतरला. “मग फेकून देऊ का, अण्णा?” मी म्हटले, “फेकतोस कशाला? मशीन अस्सल आहे, बिनगंजाचं आहे. ऑइलिंग करून वापर. आणि कधी विकायची वेळ आलीच, तर डायल रंगवलेली आहे हे घेणाऱ्याला आधी सांग.” त्याने मान डोलावली. ते घड्याळ आज त्याच्या मनगटावर आहे, आणि पाळीच्या वेळी दारावरचे यंत्र दोन मिनिटे पुढे असते, अशी तक्रार घेऊन तो गेल्याच महिन्यात युनियनकडे आला होता. आम्ही ती तक्रार नोंदवून घेतली आहे.

आजींचे ‘जनता’ माझ्यापाशी आहे. दिवसाला दीड मिनिट मागे पडते. वडिलांचे घड्याळ मला परत मिळाले नाही.